ई-स्पोर्ट्समध्ये दाद कोणाकडे मागायची? पब्लिशर, लीग, संघमालक आणि खेळाडू यांच्या ताकदीचा हिशेब

प्रश्न असा आहे: फुटबॉलला फिफा आहे, क्रिकेटला आयसीसी आहे, मग ई-स्पोर्ट्समध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये, खेळाडूचा पगार अडला, संघावर बंदी आली किंवा लीगने ऐन हंगामाच्या तोंडावर नियम बदलले, तर दाद कोणाकडे मागायची? आणि खेळाडूंनी एकजुटीने आजवर काही मिळवलं आहे का?

मिळवलं आहे. पण ते कोणत्या परिस्थितीत मिळालं आणि कोणत्या परिस्थितीत निसटलं, हे कळायला आधी मालकीचा मुद्दा नीट समजून घ्यावा लागतो.

फुटबॉल हा खेळ कोणाच्याच मालकीचा नाही. फिफाशी पटलं नाही तर कोणीही वेगळी स्पर्धा भरवू शकतो. फिफा त्या खेळाडूंना विश्वचषकापासून दूर ठेवू शकेल, पण त्यांना फुटबॉल खेळूच द्यायचा नाही असं करू शकणार नाही. लीग ऑफ लेजंड्स, व्हॅलोरंट, डोटा २, काउंटर-स्ट्राइक यांचं तसं नाही. इथे खेळ म्हणजे सॉफ्टवेअर आहे आणि त्यावर पब्लिशरचा, म्हणजे तो खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीचा, कॉपीराइट आहे. स्पर्धा भरवायची किंवा दाखवायची तर तिचा परवाना लागतो. त्यामुळे कुठल्याही वादात सर्वांत आधी एकच गोष्ट तपासायची: पब्लिशरने कोणाला कशाची परवानगी दिली आहे, आणि ती किती दिवसांच्या नोटिशीवर मागे घेता येते?

हा धडा सर्वांत आधी कोरियाने घेतला. तिथे २००० मध्ये केस्पा ही संघटना सरकारच्या मान्यतेने उभी राहिली. स्टारक्राफ्टच्या व्यावसायिक खेळाडूंचे परवाने, क्रमवारी, शिस्त हे सगळं तिच्या हातात होतं, आणि संघटनेमागे होत्या एसके टेलिकॉम, केटी, सॅमसंग यांसारख्या संघ चालवणाऱ्या कंपन्या. २००७ मध्ये केस्पाने प्रोलीग या स्टारक्राफ्टच्या सांघिक लीगचे प्रक्षेपण हक्क स्वतः विकायला काढले. ज्या वाहिन्यांनी, म्हणजे ऑनगेमनेट आणि एमबीसीगेमने, या लीगला प्रेक्षक मिळवून दिले, त्यांनाच आता पैसे मोजायला सांगितलं गेलं. बराच वाद झाला, पण संघ केस्पाच्या बाजूला असल्यामुळे वाहिन्यांना नमतं घ्यावं लागलं. त्यानंतर स्टारक्राफ्टची मालक कंपनी ब्लिझर्ड पुढे आली. जे हक्क विकले ते मुळात आमचे होते, अशी तिची भूमिका होती. मे २०१० मध्ये तिने कोरियातले स्पर्धा व प्रक्षेपणाचे एकहाती हक्क ग्रेटेक या कंपनीला दिले आणि पुढे प्रकरण कोर्टात गेलं. मे २०११ मध्ये तडजोड झाली.

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सरकारमान्यता, खेळाडूंची नोंदणी, दहा वर्षांची परंपरा हे सगळं असूनही संघटनेला खेळाच्या मालकाशी करार करावाच लागला. आणि वाटाघाटीच्या टेबलावर खेळाडूंचा प्रतिनिधी कुठेच नव्हता. हक्क कोणाचे यावर भांडण झालं, पण खेळाडूचा वाटा किती यावर नाही.

आंतरराष्ट्रीय महासंघांबद्दल लोकांच्या मनात फार मोठी अपेक्षा असते, म्हणून ते थोडक्यात सांगतो. आयईएसएफ हा आंतरराष्ट्रीय ई-स्पोर्ट्स महासंघ २००८ पासून आहे, ग्लोबल ई-स्पोर्ट्स फेडरेशन २०१९ पासून, आणि दोघांचीही जागतिक प्रतिनिधित्वावर नजर आहे. राष्ट्रीय संघाची निवड, २०२३ मध्ये प्रत्यक्ष झालेल्या हांगझोउ आशियाई खेळांसारखी पदकांची स्पर्धा, सरकारी मान्यता या कामांत महासंघ उपयोगी पडतात. क्लबने पगार थकवला तर त्यांच्या हातात जवळजवळ काहीच नसतं, कारण व्यावसायिक लीग त्यांच्या परवान्यावर चालत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचीही अडचण त्याच जातीची. जुलै २०२४ मध्ये तिने सौदी अरेबियाशी बारा वर्षांची भागीदारी जाहीर केली, ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स गेम्स पुढे २०२७ वर ढकलले गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती भागीदारीच संपली. कुठला खेळ घ्यायचा हे ठरवतानाच पब्लिशरची संमती लागते, हे कुठल्याच महासंघाला टाळता आलेलं नाही.

बंदीच्या प्रकरणांत हा अधिकारांचा गुंता सर्वांत जास्त बोचतो. २०१४ मधल्या एका ठरवून हरलेल्या सामन्यासाठी काउंटर-स्ट्राइक आणि डोटा २ ची मालक कंपनी व्हॉल्व्हने जानेवारी २०१५ मध्ये आयबायपॉवर संघाशी संबंधित काउंटर-स्ट्राइक खेळाडूंना आपल्या पुरस्कृत स्पर्धांतून बाद केलं. २०१७ मध्ये ईएसएल या आयोजक कंपनीने आपल्या स्पर्धांपुरती बंदी उठवली, पण मेजर या व्हॉल्व्ह-पुरस्कृत सर्वांत मोठ्या स्पर्धांचं दार व्हॉल्व्हने बंदच ठेवलं. सप्टेंबर २०२० मध्ये प्रेक्षक-कॅमेऱ्यातला बग वापरल्याबद्दल ईएसआयसी या सचोटी आयोगाने ३७ प्रशिक्षकांवर कारवाई केली. ती लागू झाली ती आयोगाच्या सदस्य आयोजकांकडे. मेजरपुरता निर्णय व्हॉल्व्हने पुन्हा स्वतंत्रपणे घेतला. म्हणून बंदीची नोटीस हाती आली की तीन गोष्टी लेखी मागून घ्या: बंदी घालणारा नेमका कोण, ती कुठल्या स्पर्धांना लागू, आणि अपील कोणापुढे व किती दिवसांत. आयोगाकडे अपील जिंकूनही पब्लिशरची बंदी तशीच राहू शकते. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करावा लागतो, हे अनेकांना मुदत उलटल्यावर कळतं.

आता पब्लिशर. सगळे एकसारखे वागत नाहीत, आणि त्यावर बाकीच्यांची ताकद ठरते. लीग ऑफ लेजंड्स आणि व्हॅलोरंटची मालक रायट आपल्या मुख्य लीग स्वतः चालवते: नियम तिचे, संघांची निवड तिची, शिक्षाही तीच करते. व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइकमध्ये बराच काळ मेजर सोडून बाकी मैदान आयोजकांना मोकळं ठेवलं. निन्टेन्डोने स्मॅश या आपल्या लढतीच्या खेळाच्या बाबतीत उलट टोक गाठलं. २०२० मध्ये बिग हाउस ही ऑनलाइन स्पर्धा तिने रोखली, आणि २०२३ च्या नियमावलीत परवान्याशिवाय भरणाऱ्या स्पर्धांना प्रत्यक्ष २०० आणि ऑनलाइन ३०० खेळाडूंची मर्यादा घातली. स्मॅशच्या खेळाडू-चाहत्यांनी स्वतःच्या बळावर जे उभं केलं होतं ते एका नियमावलीने आकसतं, आणि त्याविरुद्ध दाद मागायला जागा नसते.

फ्रँचायझी लीग आल्या तेव्हा संघमालकांना वाटलं की आता आपण भागीदार झालो. २०१८ पासून उत्तर अमेरिकेच्या एलसीएस या लीग ऑफ लेजंड्सच्या लीगमध्ये कायम जागेसाठी जुन्या संघांना १ कोटी डॉलर आणि नव्यांना १ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले. ब्लिझर्डच्या ओव्हरवॉच लीगची सुरुवातीची जागा २ कोटी डॉलरची होती. २०२३ च्या हंगामानंतर संघांना बाहेर पडण्यासाठी प्रत्येकी ६० लाख डॉलर देऊ केले गेले आणि लीग संपली. इथे काय चुकलं ते तपशिलात बघण्यासारखं आहे. मालकांनी विकत घेतली होती लीगमधली जागा. खेळ, त्याचे अपडेट, प्रक्षेपणाचे मोठे करार आणि वेळापत्रक सगळं पब्लिशरकडेच राहिलं. उत्पन्नाचा मोठा भाग भविष्यातल्या माध्यम हक्कांवर धरला होता, आणि ते हक्क अपेक्षेइतके विकले गेले नाहीत. असा करार वाचताना लीग बंद पडली तर काय परत मिळणार, हे कलम पहिल्या पानाच्या आधी वाचावं.

डोटा २ मध्ये फ्रँचायझी नव्हती, पण अवलंबित्व तितकंच होतं. दि इंटरनॅशनल या तिथल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचं पारितोषिक बॅटल पासच्या, म्हणजे चाहत्यांना खेळातच विकल्या जाणाऱ्या पासच्या, विक्रीतल्या २५ टक्क्यांवर फुगत २०२१ मध्ये ४ कोटी डॉलरवर गेलं. विक्रीची ती पद्धत बदलली आणि २०२३ मध्ये रक्कम ३० लाखांच्या थोडी वर उरली. त्याच वर्षी व्हॉल्व्हने प्रादेशिक लीगसह डोटा प्रो सर्किटही गुंडाळलं. नियमित सामन्यांवर जगणाऱ्या मधल्या फळीच्या संघांना त्याची सर्वांत जास्त झळ बसली. कोणी करार मोडला नाही, कोणावर अन्यायाचा ठपका ठेवता येत नाही, तरी अनेकांचं उत्पन्न गेलं. मला हीच या क्षेत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

खेळाडू कधी जिंकतात? दोन लढे शेजारी ठेवून बघा.

पहिला २०१६-१७ चा. उत्तर अमेरिकेतल्या सात संघमालकांनी पीईए ही संघटना काढून काउंटर-स्ट्राइकची स्वतःची लीग जाहीर केली. नफ्यातला निम्मा वाटा खेळाडूंना देण्याचं आश्वासन होतं. नंतर कळलं की त्यासाठी खेळाडूंना ईएसएल प्रो लीग सोडावी लागेल. डिसेंबर २०१६ मध्ये २५ खेळाडूंनी खुलं पत्र काढून, कुठे खेळायचं हे ठरवण्याचा हक्क आमचा आहे, असं सांगितलं. जानेवारी २०१७ मध्ये मालकांनी ती लीग रद्द केली.

दुसरा २०२३ चा. एलसीएसच्या संघांना दुसऱ्या फळीचा संघ ठेवण्याची सक्ती रायटने मे महिन्यात काढून टाकली, आणि बहुतेक संघांनी आपले अकादमी संघ लगेच मोडले. खेळाडू संघटनेने मतदान घेऊन बहिष्काराला प्रचंड बहुमत मिळवलं. मागण्यांत चढ-उताराची पद्धत (वरच्या आणि खालच्या फळीतल्या संघांची निकालांनुसार अदलाबदल) आणि दुसऱ्या फळीच्या प्रत्येक संघाला दरवर्षी ३ लाख डॉलर अशा गोष्टी होत्या. रायटने हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला आणि बजावलं की त्यापुढे गेलं तर उन्हाळी हंगामच रद्द होईल आणि या विभागाचा एकही संघ जागतिक स्पर्धेला जाणार नाही. १४ जूनला सामने सुरू झाले. अकादमीची सक्ती परत आली नाही, चढ-उतारही नाही. दुसऱ्या फळीसाठी एकरकमी ३ लाख डॉलर आणि काही छोट्या सवलती मिळाल्या.

एकी दोन्ही वेळी होती, हेतूही रास्त होता. फरक एवढाच की २०१६ मध्ये खेळाडूंकडे जायला दुसरी जागा होती. ईएसएलची लीग चालू होती आणि पब्लिशर कोणाच्याच बाजूने उभा नव्हता. २०२३ मध्ये एलसीएसला पर्याय नव्हता आणि समोर होता तोच खेळाचा मालक. पर्यायी स्पर्धा असेल तर पत्रानेही काम होतं. पर्याय नसेल तर बहिष्कारातून थोड्याच सवलती पदरात पडतात, आणि मागण्यांची यादी त्या हिशेबानेच बांधावी लागते.

तिसरा प्रकारही आहे, जिथे माघार घेणं कंपनीला स्वस्त पडतं. डिसेंबर २०१३ मध्ये एलसीएसच्या खेळाडूंनी स्ट्रीमवर हार्थस्टोनसारखे इतर खेळ दाखवू नयेत असं कलम बाहेर आलं, प्रेक्षक भडकले आणि रायटने ते सैल केलं. जुलै २०२० मध्ये लीग ऑफ लेजंड्सच्या युरोपीय लीगने, एलईसीने, सौदी अरेबियाच्या निओम या नव्या शहराच्या प्रकल्पाशी प्रायोजकत्व जाहीर केलं. समालोचकांनी उघड विरोध केल्यावर ते साधारण एका दिवसात रद्द झालं. समालोचक, पंच, निर्मिती चमू यांचा विरोध खेळाडूंच्या विरोधापेक्षा जलद परिणाम करतो, कारण त्यांच्याशिवाय पुढचंच प्रक्षेपण अडतं. खेळाडू संघटनांनी त्यांच्याशी आधीपासून संबंध ठेवले पाहिजेत, पण हे फार कमी ठिकाणी होतं.

कायद्याची बाजू गुंतागुंतीची आहे, तरी एक भाग प्रत्येकाने समजून घ्यावा. अमेरिकेतल्या पारंपरिक लीगमध्ये पगारावर मर्यादा चालते, कारण ती खेळाडूंच्या युनियनशी सामूहिक करार करून घातलेली असते आणि अशा कराराला स्पर्धा कायद्यातून सूट मिळते. ओव्हरवॉच आणि कॉल ऑफ ड्यूटी लीगमध्ये युनियन नव्हती, तरी संघाचा एकूण पगार ठरावीक रकमेपलीकडे गेला की वरच्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर दंड होता. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने याच कारणासाठी या लीग चालवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजनवर खटला भरला आणि असा दंड पुन्हा लावणार नाही अशी तडजोड झाली. म्हणजे युनियन नसणं मालकांनाही महाग पडू शकतं, आणि वाटाघाटीत हा मुद्दा मांडता येतो. पण उलट धोकाही आहे. खेळाडू कागदावर कर्मचारी नसून स्वतंत्र कंत्राटदार असेल, तर सगळ्यांनी मिळून ‘इतक्यापेक्षा कमी घेणार नाही’ असं ठरवणं त्यांच्याच अंगाशी येऊ शकतं. संघटना काढण्याआधी वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न हाच: आम्ही कर्मचारी की कंत्राटदार?

संघटनेचं दुसरं दुखणं पैसा. एलसीएसची खेळाडू संघटना २०१७ मध्ये रायटच्या पैशावर सुरू झाली. असा पैसा वाईटच असतो असं नाही, कारण सुरुवातीला वकील परवडत नाही. पण वर्गणीवर येण्याची तारीख घटनेतच लिहून ठेवावी, नाहीतर पहिल्या भांडणात सभासद विचारतात की तुम्ही कोणाचे. काउंटर-स्ट्राइकमध्ये सीएसपीपीए ही खेळाडू संघटना २०१८ मध्ये सुरू झाली. तिथे पब्लिशरऐवजी आयोजकांशी बोलता येत असल्याने हंगामातल्या सुट्टीचा काळ वगैरे गोष्टी पदरात पडल्या. बहिष्काराचा ठराव करायचा तर तो पहिल्या सामन्याच्या आधी, तिकिटं आणि प्रायोजक विकले गेल्यानंतर करावा. त्याआधी लीगच्या नियमांत बदली खेळाडूंची पात्रता किती सैल आहे ते वाचावं, आणि सामना सोडल्याचा संघाला बसणारा दंड खेळाडूच्या पगारातून कापता येतो का तेही बघावं. हे दुसरं कलम बरेचदा मूळ करारात नसतं, संघाच्या अंतर्गत नियमांत असतं.

वैयक्तिक करारात तर कागद एकावर एक तीन असतात: खेळाडू आणि संघ, संघ आणि लीग, लीग आणि पब्लिशर. खेळाडूच्या हातात पहिलाच येतो, पण त्यात ‘वेळोवेळी सुधारलेली नियमावली लागू राहील’ अशी एक ओळ असते आणि तिच्यातून वरचे दोन्ही कागद आत शिरतात. निदान सही करण्याच्या दिवशीची नियमावली जोडपत्र म्हणून लावून घ्या आणि पगार, मुदत किंवा पारितोषिकाचा वाटा कमी करणारी सुधारणा लेखी संमतीशिवाय लागू होणार नाही असं लिहून घ्या.

मुदतवाढीचा पर्याय एकट्या संघाकडे असेल तर एक वर्षाचा करार प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांचा होतो. बायआउटची, म्हणजे करार मुदतीआधी सोडवून घेण्यासाठी द्यायची, रक्कम आकड्यात असावी आणि मुदत सरेल तशी उतरावी. बाकावर बसवल्यावर पगार पूर्ण राहील का, आणि किती दिवसांनंतर दुसऱ्या संघाशी बोलायला मोकळीक मिळेल, हे स्वतंत्र कलमात हवं. बाकावरचा खेळाडू आणि चढ्या बायआउटची रक्कम एकत्र आली की वर्षभराची कारकीर्द जाते, आणि या वयात एक वर्ष फार मोठं असतं. रायटच्या लीगमध्ये कराराची अखेरची तारीख सार्वजनिक यादीत दिसते. सही झाल्यावर ती तपासून बघा, चूक असेल तर लगेच लेखी कळवा.

पैशाच्या कलमांत ‘खर्च वजा जाता’ हे शब्द दिसले की कोणते खर्च ते विचारा. प्रायोजकत्वाच्या पैशातला ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा संघाला देणाऱ्या करारावरून फोर्टनाइटचा खेळाडू टीफ्यू मे २०१९ मध्ये आपल्या फेझ क्लॅन या संघाविरुद्ध कोर्टात गेला. २०२० मध्ये तडजोड झाली. खेळातल्या वस्तूंचा, विशेषतः काउंटर-स्ट्राइकच्या स्टिकरचा पैसा कोणाचा हेही वेगळं लिहिलं पाहिजे, कारण एका मेजरमध्ये तो पगाराइतका होऊ शकतो. पारितोषिक बहुतेकदा आयोजकाकडून संघाकडे आणि तिथून खेळाडूकडे येतं. संघ मध्येच बुडाला तर खेळाडू पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत मागे ढकलला जाऊ शकतो. आयोजकाने वाटा थेट खेळाडूच्या खात्यात भरावा अशी सोय मागता येते, आणि काही ठिकाणी ती मिळतेही.

खेळाडू अल्पवयीन असेल तर दुप्पट काळजी. २०१९ मध्ये कोरियात ग्रिफिन संघाच्या कानावी या अल्पवयीन खेळाडूला चीनमधल्या संघाकडे पाठवताना दडपण आणून दीर्घ करार केल्याचं प्रकरण उघडकीस आलं. त्याचा परिणाम म्हणून २०२० मध्ये तिथे कायद्यात बदल झाला आणि सरकारने ई-स्पोर्ट्ससाठी प्रमाणित करारनामे आणले. खेळाडूला कायद्याचं संरक्षण मिळतं ते कामगार, अल्पवयीन आणि ग्राहक कायद्यांतून, क्रीडा महासंघांतून क्वचितच. तक्रार कुठे करायची हे ठरवताना ही दिशा आधी तपासावी.

एक मोठा बदल सध्या चालू आहे. सौदी अरेबियाच्या सॅव्ही समूहाने २०२२ मध्ये ईएसएल आणि फेसिट या आयोजक कंपन्या मिळून दीड अब्ज डॉलरला घेतल्या आणि २०२४ पासून रियाधमधल्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपने पहिल्याच वर्षी ६ कोटी डॉलरहून जास्त पारितोषिकं ठेवली. क्लबना मिळणारा पैसा आता अनेकदा पब्लिशरपेक्षा तिथून जास्त येतो. खेळाडूंसाठी हा पर्यायी मंच आहे का? माझ्या मते अर्धाच, कारण प्रत्येक खेळासाठी परवाना अजूनही पब्लिशरचाच लागतो. शिवाय एकाच देणगीदारावर इतके क्लब उभे असतील तर खेळाडूची वाटाघाटीची ताकद वाढत नाही.

त्या मानाने व्हॉल्व्हने २०२३ मध्ये जाहीर केलेले आणि २०२५ पासून लागू केलेले नियम मला जास्त महत्त्वाचे वाटतात: आयोजकाचे सहभागी संघांशी खास व्यावसायिक संबंध नसावेत, निमंत्रण व्हॉल्व्हच्या क्रमवारीनुसार किंवा खुल्या पात्रता फेरीतून द्यावं, आणि पारितोषिकापलीकडचा मोबदला जाहीर व वस्तुनिष्ठ निकषांवर असावा. २०२० मध्ये ईएसएलने १३ संघांशी केलेल्या लूव्र करारासारख्या बंद भागीदाऱ्यांना यामुळे जागा उरली नाही. नव्या संघांना वाट मिळाली. पण भागीदारीच्या पैशावर पगार ठरवलेल्या संघांचं अंदाजपत्रक कोलमडलं, म्हणून २०२५ नंतर काउंटर-स्ट्राइकच्या संघाशी करार करताना पगाराचा स्रोत काय आहे हे सरळ विचारा. उत्तर जर क्रमवारीवर अवलंबून असलेलं उत्पन्न असेल, तर क्रमवारी घसरल्यावर पगार कमी करण्याचं कलम कुठेतरी असणार. ते शोधा, आणि सापडलं नाही तर ‘ठरलेला पगार निकालांवर अवलंबून नाही’ एवढं वाक्य स्वतःहून घालून घ्या.